दीड वाजता खाली येणारा हात

मनोहरराव लांजेवार यांनी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये हायड्रॉलिक्स शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या बोटाला तेलाचा एक थेंब लागला नाही. याचा त्यांना अभिमान होता. पंप, पिस्टन, सिलिंडर, सील ही सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची, पण फळ्यावरची. खडूनं काढलेली आणि तास संपला की डस्टरनं पुसली जाणारी. निवृत्तीनंतर नवप्रभात लेआउट या वसाहतीत कोणाचा नळ गळायला लागला, की लोक आधी प्लंबरला बोलावत आणि प्लंबर कामाला लागला की मनोहररावांना. प्लंबर काय करतोय ते मनोहरराव उभ्या उभ्या समजावून सांगत. प्लंबरही ते शांतपणे ऐकून घेत, कारण त्यांच्यातले दोघं त्यांचेच विद्यार्थी होते.

लेआउट नागपूरला, मिहानच्या औद्योगिक पट्ट्याच्या अलीकडं, वर्धा रोडवरून आत. उन्हाळ्यात सगळ्यांच्या बोअर आटतात, म्हणून फाटकाशेजारच्या मोकळ्या जागेत पावसाचं पाणी जिरवायला एक मोठा खड्डा खणायचं ठरलं आणि मशीन आणून तो खणून घ्यायचं काम मनोहररावांनी अंगावर घेतलं. "एका दिवसाचं काम आहे," असं ते सभेत म्हणाले. सेक्रेटरीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढं मनोहररावांना ते निरनिराळ्या आवाजांत बरेचदा ऐकावं लागलं.

मशीन आली मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी. पुढं माती लोटायचं रुंद सूप, मागं खोदायचा लांब, दुमडता हात आणि हाताच्या टोकाला दातांची बकेट. अशा मशीनला आपल्याकडं सगळेच एका कंपनीच्या नावानं हाक मारतात. ही त्या कंपनीची नव्हती, तरी हाक तीच होती. चालवत होता कवडू, पन्नाशीचा, हडकुळा, गळ्यात दुपट्टा. मागून स्कूटीवर मालकीण आल्या, जयवंताबाई. मशीन त्यांच्या नवऱ्याची, रुपरावची. रामटेकच्या बाजूला अकरा वर्षं रुपरावनं ती स्वतः चालवली होती. मागच्या दिवाळीनंतर तो गेला. मशीनवर नाही, घरी, झोपेत, कोणाला त्रास न देता. तेव्हापासून कामं जयवंताबाई आणत आणि मशीन कवडू चालवत असे. कवडूच्या आधीचे तिघं ऑपरेटर आठ-आठ दिवसांत सोडून गेले होते, हे मनोहररावांना नंतर कळलं.

इंदुताईंनी, म्हणजे मनोहररावांच्या बायकोनं, मशीनची पूजा केली. हळदीकुंकू, नारळ, वर लाल चुनरी. मनोहरराव स्वतःला विज्ञानवादी समजत, पण नारळ फुटताना ते नेहमी जवळपास असत, कारण त्यांना खोबरं आवडत असे. चुनरी मशीनच्या तोंडाशी फडफडत होती. मनोहररावांना अव्यवस्था खपत नाही. त्यांनी पुढची जाळी उघडली, चुनरी आत नीट पसरून बसवली, चारही टोकांना गाठी मारल्या आणि जाळी लावून टाकली. आत आधीचंही काही कापड दिसत होतं. त्याकडं त्यांनी भक्तिभावानं दुर्लक्ष केलं. प्रत्यक्ष मशीनला त्यांचा हात लागला तो आयुष्यात पहिल्यांदा.

खोदाई सुरू झाली. मनोहरराव कडुलिंबाखाली छत्री घेऊन उभे राहिले आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की कवडू सीटच्या डाव्या अर्ध्यावरच बसला आहे. उजवा अर्धा रिकामा.

"काहून गा कवडू, सीट मोडली का?"

"नाई सर. ती बाजू रुपरावभाऊची हाय."

यावर मनोहररावांनी मान हलवली. तोंडी परीक्षेला काहीही ठोकून देणाऱ्या पोरांसमोर ते पूर्वी हलवत तशीच.

एक वाजता कवडूनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मागचा हात तसाच वर, बकेट खड्ड्याच्या काठावर डोक्याच्याही वर लटकलेली. मनोहररावांना राहवलं नाही. "हे नियमात बसत नाही. ऑपरेटरनं उतरायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवली पाहिजे. पहिल्या धड्यातच आहे."

"हो ना सर. रुपरावभाऊबी हेच सांगत."

"मग टेकव."

"ते टेकवतेत ना," कवडू म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन झाडाखाली बसला. डबा उघडला मात्र नाही.

नागपुरात मे महिन्यात दुपारी एक ते चार रस्त्यावर माणूस नसतो. कुत्री गाड्यांखाली शिरतात, दारं लागतात, घराघरांतून कूलरची घरघर येत राहते आणि बाहेर नुसतं पांढरं ऊन उरतं. भुतांना रात्रीच यावं लागतं असं ज्यांना वाटतं, ते या शहरात एकही उन्हाळा राहिलेले नाहीत. त्या उन्हात, कोणी हात न लावता, बकेटच्या दातात अडकलेला एक खडा सुटला आणि खाली पडला. मनोहररावांनी वर पाहिलं. काही हलत नव्हतं. मग त्यांनी खाली पाहिलं. बकेटची सावली मघाशी एका विटेला टेकली होती, ती आता विटेच्या पलीकडं गेली होती. सूर्य सरकतो, सावली सरकते, असं ते स्वतःला म्हणाले. पुढच्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं, की झाडाची सावली एकीकडं सरकते आहे आणि बकेटची दुसरीकडं.

हात खाली येत होता. आवाज नाही, धक्का नाही, घाई तर मुळीच नाही. बरोबर दीड वाजता बकेटचे दात मातीला टेकले. त्यानंतर बकेट हळूच आतल्या बाजूला वळली, माणसानं काम संपवून मूठ मिटावी तशी, आणि थांबली.

"टेकली का?" कवडूनं पाठ न वळवता विचारलं.

"टेकली," मनोहरराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण थोडा उंचावरून आला.

"मंग जेवतो," म्हणून कवडूनं डब्याचं झाकण काढलं.

घरी येऊन मनोहररावांनी दोन ग्लास पन्हं घेतलं. इंदुताईंनी काय झालं विचारलं. ते म्हणाले, "काही नाही. सिलिंडरचं सील, आतलं रबराचं कडं, गेलेलं आहे. आतल्या आत तेल झिरपतं, हात स्वतःच्या वजनानं उतरतो." हे अगदी खरं होतं. तरी पंखा, कूलर दोन्ही चालू असताना त्यांच्या अंगावर काटा आला होता आणि तो त्यांनी बाहीखाली झाकला.

दुपारी तीनला काम पुन्हा सुरू झालं आणि पाऊण तासात मशीनच्या समोरचा लाल दिवा लागला. तेल तापलं. हाताचा जोर गेला, बकेट मातीला नुसती खाजवायला लागली. कवडूनं मशीन थांबवली, खिशातून एक चुनरी काढली, जाळीच्या आत, सरांच्या चुनरीमागं सरकवली, हात जोडले. तासाभरानं पुन्हा सुरू केली, तर या वेळी दिवा अर्ध्या तासातच लागला. मंगळवारी तेच. बुधवारी त्याहून वाईट. खड्डा अर्धा झाला होता आणि खड्ड्यातून निघालेली माती फाटकात ढीग होऊन बसली होती. लोकांना गाड्या बाहेर रस्त्यावर ठेवून आत चालत यावं लागे, आणि चालत येताना प्रत्येक जण थांबून मनोहररावांना सल्ला देई.

सल्ले किती प्रकारचे असतात हे मनोहररावांना त्या आठवड्यात समजलं. मिहानमध्ये कंपनीत असलेला सौरव म्हणाला, एकदा सगळं बंद करून चालू करून बघा, अंकल. सेक्रेटरीनं एका बाबांचा नंबर दिला आणि ते दुपारी फोन उचलत नाहीत हेही सांगितलं. समोरच्या पार्वतीबाई, सत्तरीच्या, त्यांचं म्हणणं साधं होतं. "सर, आमच्या कूलरचं गवत मातीनं गच्च झालं का तो असाच गरम होते. हवा ओढूच नाही शकत बिचारा. मशीनले हवा कुठून भेटते ते पाहा बरं."

"पार्वतीबाई, हे हायड्रॉलिक्स आहे," मनोहरराव सौम्यपणे म्हणाले.

"असंन बाप्पा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

गुरुवारी महापालिकेच्या झोन ऑफिसातून नोटीस आली. फाटकाजवळ 'एक यंत्र हात वर करून उभे असून नागरिकांत भीतीचे वातावरण आहे', तरी खुलासा करावा. मनोहरराव खुलासा घेऊन गेले. त्यात त्यांनी सीलची आकृती काढली होती. खिडकीतल्या बाईंनी आकृती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि विचारलं, "हात वर असतो हे मान्य आहे का?" मनोहरराव म्हणाले, असतो, पण दीड वाजता खाली येतो. "कोण आणते?" या प्रश्नावर मनोहररावांनी जे उत्तर दिलं ते रकान्यात मावेना, म्हणून बाईंनी तिथं 'आपोआप' असं लिहिलं आणि शिक्का मारला. आता ते सरकारी कागदावर आलं होतं.

मग मनोहररावांनी कंबर कसली. या मशीनचं दुखणं शोधून काढायचं आणि सगळ्या लेआउटसमोर सिद्ध करायचं. नाहीतर एकतीस वर्षं आपण फळ्यावर काढलं ते काय होतं, हा प्रश्न त्यांना रात्रीच्या जेवणातही पडायला लागला होता. तेलाची उष्णता मोजायला त्यांनी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर नेला. त्यानं एक इंग्रजी अक्षर दाखवलं आणि कायमचा मिटला. मग जुन्या लॅबमधून, अर्ज करून, एक मोठा थर्मामीटर आणला. तेल शहाण्णव अंशांवर होतं. ऐंशीच्या वर सीलचं रबर कडक व्हायला लागतं आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. सिलिंडरचा चकचकीत दांडा दर पाच मिनिटांनी किती बाहेर येतो ते त्यांनी टेपनं मोजलं, वहीत मांडलं. दोन्ही पाइप सिलिंडरपाशी बंद करून घेतले, तरीही दांडा सरकला. म्हणजे गळती बाहेर कुठं नाही, सिलिंडरच्या पोटातच आहे. शनिवारी सकाळी सातला, तेल थंड असताना, मशीन थोडकीच चालवून त्यांनी बकेट वर ठेवायला लावली. दहा वाजेपर्यंत ती जेमतेम वीतभर उतरली.

त्यांनी कवडूला वही दाखवली. "पाहिलं? तेल थंड, तर हात येत नाही. तेल गरम, तर येतो. भूत असतं तर सकाळीही आलं असतं."

कवडूनं वही आदरानं हातात घेतली. "सकाळी ते कायले येतीन सर? जेवणाची वेळ कुठं झाली?"

"अरे, तू रोज एक वाजताच बंद करतोस, बकेट रोज तेवढ्याच उंचीवर ठेवतोस. म्हणून रोज दीडलाच टेकते."

"रुपरावभाऊबी रोज दीडलेच जेवत," कवडू म्हणाला. "वेळेचे पक्के होते."

मनोहररावांच्या पुराव्याचा एकेक तुकडा त्या माणसाच्या भुतात इतका बरोबर बसत होता, की त्यांना स्वतःच्या वहीची भीती वाटायला लागली. रात्री आकडे पुन्हा तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की बकेट टेकल्यावर जी आत वळते, त्याचं कारण आपण कुठंच लिहिलेलं नाही. त्यांनी तिथं समासात एक प्रश्नचिन्ह केलं आणि वही मिटली.

जयवंताबाई रोज बाराला येत आणि कडुलिंबाखाली बसत. सोबत दोन डबे असत. एक कवडूचा. दुसरा कोणाचा, हे मनोहररावांनी विचारलं नाही. रविवारी मनोहररावांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सील, रबर, पातळ तेल. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुमी म्हणता ते बरोबरच असंन सर," त्या शेवटी म्हणाल्या. "पण एक गोष्ट सांगतो. बकेट जमिनीले टेकल्याबिगर ते घास नाई घेत होते. कितीबी भूक असो. टेकवत, मंग एकडाव आत वळवत. म्हणत, दात मातीत रुतवून नोको ठेवू, तिलेबी आराम पायजे. अशी आत वळवणारा दुसरा ऑपरेटर म्या पाहिला नाई."

मनोहररावांना समासातलं प्रश्नचिन्ह आठवलं. बाई मशीनकडं बघत होत्या.

"तीन ऑपरेटर पळून गेले. कवडू अर्ध्या सीटवर बसून किती दिवस चालवीन? मशीन सुधरली नाई तर मले ती विकाच लागते. पण मशीन सुधरली पायजे आन ते जायले नोको, असं वाटते मले. हे तुमच्या पुस्तकात नसंन." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मनोहररावांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यात आपली वही किती निरुपयोगी आहे हेही वाटलं.

सोमवारी, म्हणजे एका दिवसाच्या कामाच्या आठव्या दिवशी, पार्वतीबाई तिसऱ्यांदा आल्या. या वेळी त्या बोलल्या नाहीत. हातात त्या दिवसाचा पेपर होता. मशीन चालू होती. त्यांनी पेपरचं एक पान काढलं आणि मशीनच्या पुढच्या जाळीसमोर धरून सोडलं. कूलरच्या गवताची त्या अशीच परीक्षा घेत. हवा ओढली जात असेल तर पान जाळीला चिकटायला हवं. पान सरळ खाली पडलं.

मनोहररावांनी पडलेल्या पानाकडं पाहिलं. या मशीनचं तेल थंड करणारी नळ्यांची चौकट पुढच्या जाळीच्या आतच असते. पंखा समोरून हवा ओढतो आणि ती हवा चौकटीतून जाते. ही आकृती त्यांनी किमान साठ वेळा काढली होती. हवेचे बाण ते नेहमी निळ्या खडूनं काढत.

कवडूनं मशीन बंद केली आणि जाळी उघडली. आत चुनऱ्या होत्या. एकीवर एक, घट्ट दाबून बसलेल्या, आतल्या काळ्या पडलेल्या, तेलानं आणि धुळीनं पापुद्रे झालेल्या. अगदी आतल्या अकरा, दसऱ्याच्या, रुपरावच्या हातच्या, घडी करून एका कडेला बांधलेल्या. त्यांनी हवेची वाट अडवली नव्हती. त्यावर चौदा, आधीच्या तिघांच्या आणि कवडूच्या, समोरून ताणून लावलेल्या. आणि सगळ्यात वर एक नवी कोरी, चौकटीच्या इंच न् इंचावर पसरलेली, चारही टोकांना गाठी.

"ही आपली," इंदुताई म्हणाल्या. "गाठ तुमचीच आहे. पाण्याच्या पाइपला मारता तीच."

लेआउटमधली सुमारे वीस माणसं तिथं उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर मनोहररावांना सोपं गेलं असतं.

"जवा जवा तापली, तवा तवा म्या एक बांधली," कवडू हळू आवाजात म्हणाला.

"आणि बांधली म्हणून आणखी तापली," मनोहरराव म्हणाले. "तापली म्हणून तेल पातळ झालं, सील कडक झालं, हात खाली यायला लागला. हात खाली आला म्हणून तू घाबरून आणखी बांधलीस."

कवडूचा चेहरा उतरला. "म्हंजे म्याच त्यायले बोलवून राह्यलो होतो," तो म्हणाला.

चुनऱ्या काढल्या, नळ्या धुतल्या, आणि दुपारपर्यंत मशीन एकदाही तापली नाही. दिवा लागला नाही. मनोहररावांची मान पुन्हा थोडी ताठ झाली. एक वाजता इंजिन बंद झालं. दीड वाजले, बकेट अर्ध्यावरच होती. दोन वाजून गेल्यावर ती टेकली आणि आत वळली.

"आज उशीर काहून झाला त्यायले?" जयवंताबाईंनी विचारलं. तेल आता कमी गरम, म्हणून जाड, म्हणून हळू झिरपतं, हे उत्तर मनोहररावांच्या जिभेवर होतं. ते त्यांनी वहीत लिहिलं.

सील बदलायचं की नाही, ते जयवंताबाईंनी ठरवायचं होतं. मंगळवारी त्या मशीनभोवती एक फेरी मारून आल्या. बकेटखाली, रोज जिथं ती टेकते तिथं, मातीत दातांच्या खुणा होत्या. त्या खुणांपासून हातभर अंतरावर कवडू जेवायला बसत असे.

"बदला," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवशी कोणाच्या डोक्यावर आली तर नाव त्यायचं खराब होईन. अकरा वर्षांत कोणाले खरचटलं नाई त्यायच्या हातानं." आणि थोडं थांबून, "सील बदललं तरी येतीन का ते, सर?"

मनोहररावांनी मिस्त्रीला फोन लावला.

जरीपटक्याहून मिस्त्री आला. त्यानं सिलिंडर उघडला, पिस्टनवरचं सील बाहेर काढलं आणि मनोहररावांच्या हातावर ठेवलं. ते रबर राहिलंच नव्हतं. दाबलं तसं भाजलेल्या पापडासारखं तुटलं. मनोहररावांची बोटं काळी झाली. इंदुताई साबण आणायला निघाल्या, तर ते नको म्हणाले.

बुधवारी दुपारी अख्खं लेआउट फाटकाशी जमलं. जे कधी दुपारी घराबाहेर पडत नाहीत, तेही डोक्याला रुमाल बांधून आले. खड्डा पूर्ण झाला होता. एक वाजता कवडूनं सवयीनं बकेट वर ठेवून इंजिन बंद केलं, डबा घेतला, झाडाखाली बसला. मनोहररावांनी दांडा मोजला. ऊन पांढरं झालं. कूलर घरघरत होते, कारण लोक ते चालू ठेवूनच आले होते.

सव्वा वाजला. मनोहररावांनी पुन्हा मोजलं. केसभरही फरक नाही. दीड वाजले. सगळे बकेटच्या सावलीकडं बघत होते आणि ती सावली झाडाच्या सावलीबरोबर, एकाच दिशेला, गुमान सरकत होती. पावणेदोन झाले. हात वरच होता. मनोहररावांचा प्रत्येक आकडा, प्रत्येक बाण, समासातलं प्रश्नचिन्ह सोडून सगळं, बरोबर निघालं होतं. सेक्रेटरीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि इतरांकडं पाहून खिशात घातले.

कवडू डबा न उघडता बसला होता. जयवंताबाईंच्या समोर दुसरा डबाही तसाच. त्या म्हणाल्या, "गेले म्हणायचे," आणि पदर सारखा केला. रडल्या नाहीत. एवढंच म्हणून त्या बसून राहिल्या, आणि त्या बसण्याकडं बघवत नव्हतं. मनोहररावांना आयुष्यात प्रथमच आपण बरोबर असल्याची लाज वाटली.

बकेट अजून लोकांच्या डोक्यांवर लटकत होती. कोणालाच ती खाली घ्यायचं सुचत नव्हतं, कारण ती रोज आपसूक येई. मनोहररावांनी छत्री मिटून इंदुताईंकडं दिली आणि ते मशीनवर चढले.

"अहो, तुम्हाला येतं का?" इंदुताई म्हणाल्या.

"पहिल्या धड्यातच आहे," ते म्हणाले. केबिनमध्ये ते मागच्या हाताकडं तोंड करून बसले. दोन वाजताच्या उन्हानं आतलं लोखंड इतकं तापलं होतं, की दाराला लागलेलं कोपर त्यांनी झटकन मागं घेतलं. समोर लिव्हर. त्याच्या गोळ्यावर रुपरावनं कधीतरी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. मनोहररावांनी भीत भीत तो धरला. तो भाजला नाही. माणसाच्या तळव्याइतकाच गरम होता.

इंजिन बंद असतानाही या लिव्हरनं हात उतरवता येतो, हे त्यांना माहीत होतं. पूर्ण ढकललं तर तो धाडकन आदळतो, हेही माहीत होतं. किती ढकलायचं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. घामानं डोळे चुरचुरत होते. त्यांनी ढकलायचं ठरवलं, आणि लिव्हर आपसूक पुढं सरकला.

हात खाली आला. धक्का नाही, आवाज नाही, घाई मुळीच नाही. दात मातीला टेकले. मनोहरराव तिथंच थांबले. बकेट वळवायचा लिव्हर वेगळा, डाव्या हाताचा, आणि त्यांचा डावा हात मांडीवर होता. बकेट हळूच आत वळली आणि स्थिर झाली.

खाली कोणीतरी म्हणालं, सरांचा हात बसलेला आहे हो. कवडूनं डब्याचं झाकण काढलं. जयवंताबाई उठल्या, दुसरा डबा उघडून मशीनच्या चाकापाशी आणून ठेवला आणि केबिनकडं पाहून, नवऱ्याला म्हणावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "जेवून घ्या आता. लय उशीर झाला आज." मग मनोहररावांकडं वळून म्हणाल्या, "मी मशीन नाई विकत, सर."

बकेट का वळली, याची दोन शास्त्रीय कारणं मनोहररावांनी त्या संध्याकाळी वहीत लिहिली. दातांवर वजन आलं असावं. जमीन उतरती असावी. दोन्ही पटण्यासारखी होती आणि समासातलं प्रश्नचिन्ह त्यांनी दोन्हींनंतरही खोडलं नाही. इंदुताईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की काम झालं.

एक गोष्ट मात्र त्यांनी वहीतही लिहिली नाही. लिव्हर सोडून ते उतरायला लागले तेव्हा त्यांचा डावा पाय अवघडून बधिर झाला होता. का, म्हणून त्यांनी वळून सीटकडं पाहिलं. एवढी ऐसपैस सीट, आणि ते सगळा वेळ डाव्या अर्ध्यावरच बसले होते.